मास्तरांचा दाब आणि माझा गोंधळ

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. घरातली माणसे मला 'बीपीचं मशीन' म्हणतात. डब्याएवढे करडे अंग, त्याला जोडलेली रबरी नळी आणि नळीच्या टोकाला दंडावर गुंडाळायचा कापडी पट्टा, एवढाच माझा पसारा. पट्ट्यात हवा भरायची, दंड आवळायचा आणि पडद्यावर दोन आकडे दाखवायचे, हे माझे काम. अकरा वर्षे मी ते करत आलो आहे. पण मित्रांनो, हे आकडे नक्की कशामुळे वर-खाली होतात ते मला अजून नीट उमगलेले नाही.

गोंधळाची सुरुवात कारखान्यातच झाली. तपासणी करणाऱ्या बाईंनी मला स्वतःच्या दंडाला लागोपाठ तीनदा लावले. मी तीन वेगळे आकडे दाखवले. आता आपली रवानगी भंगारात, असे वाटून मी धास्तावलो. बाई मात्र हसल्या. "माणूस आहे मी, खांब नाही," असे म्हणून त्यांनी मला खोक्यात घातले. माणूस आणि खांब यांच्यात फरक काय, हे मला कोणी सांगितले नाही.

मी एका शिंप्याच्या घरी आलो. सगळे त्यांना मास्तर म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे दुकान होते. दोन शिलाई मशीन, कापायचे लांब टेबल, खुंटीवर लोंबणारे अर्धवट कपडे. मास्तर हाताचे फार चोख होते. गिऱ्हाईक सांगेल तसेच कापायचे, सूतभरही इकडे-तिकडे नाही, असा त्यांचा बाणा होता. रागही तितकाच चोख होता. शेजारच्या इस्त्रीवाल्याने बाकडे चार बोटे पुढे सरकवले, की मास्तर दुकान डोक्यावर घेत. त्यांना नीट झोप लागत नसे. ते रोज सकाळी डॉक्टरांनी दिलेली एक गोळी घेत, तरीही माझ्या पडद्यावर वरचा आकडा दीडशेच्या आसपास घुटमळत असे.

पट्टा बांधताना ते श्वास रोखून बसत, जणू मी त्यांची परीक्षाच घेणार होतो.

"अहो, श्वास तरी घ्या!" त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणत.

"तू बोलू नकोस, आकडा वाढतो."

"म्हणजे तोही माझ्यामुळेच?"

आकडा खरोखर वाढत असे. काकूंमुळे की माझ्यामुळे, हे मला कधीच ठरवता आले नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी मास्तरांना गोळीच्या जोडीला श्वसन आणि शिथिलीकरणाच्या वर्गाला जायला सांगितले. वाचनालयाच्या मागच्या सभागृहात तो वर्ग भरे. घेणाऱ्या बाईंनी आयुष्यभर दवाखान्यात रुग्णांकडून व्यायाम करून घेतला होता. लोक त्यांना श्वासबाई म्हणत. मास्तर मलाही पिशवीतून बरोबर नेत. मी खुर्चीवर बसून सगळे पाही. वीस-बावीस माणसे सतरंजीवर बसत. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मग मुठी घट्ट आवळायच्या आणि सैल सोडायच्या. मग पाठीवर पडून पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचे. पहिल्या दिवशी मास्तरांचे लक्ष गुडघ्यापर्यंत पोहोचले आणि ते घोरू लागले.

वर्गाआधी मी एकशे अठ्ठेचाळीस दाखवले होते. वर्गानंतर एकशे एकोणचाळीस. मी बुचकळ्यात पडलो. ह्या माणसाच्या पोटात नवे काहीच गेले नव्हते. जी हवा तो जन्मापासून घेत होता तीच त्याने जरा सावकाश घेतली होती. तेवढ्याने नऊ अंक कुठे गेले?

दोन महिन्यांत मास्तरांना झोप लागू लागली. वरचा आकडा एकशे छत्तीसवर आला. काकूंचा जीव भांड्यात पडला. माझे कौतुक झाले, मऊ फडक्याने पुसणे झाले. आणि नेमक्या त्याच सुमारास एक चूक झाली.

वर्ग संपताना श्वासबाई नेहमी म्हणत, "आता सोडा. धरून ठेवलेलं सगळं सोडा. अगदी सगळं." त्या दिवशी हे शब्द मास्तरांच्या मनाला लागले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खरोखर एकेक गोष्ट सोडायला घेतली. दुपारचा चहा सोडला. इस्त्रीवाल्याशी भांडण सोडले, इतके, की तो बिचारा घाबरून काकूंना विचारून गेला, "मास्तर बरे आहेत ना?" आणि एका सकाळी त्यांनी गोळ्यांचे पाकीट बटणांच्या डब्यामागे सारले. काकूंना हे ठाऊक नव्हते. मी पाहिले होते, पण मला आकड्यांपलीकडे बोलता येत नाही.

एकशे अठ्ठेचाळीस. एकशे अठ्ठावन्न. एकशे सत्तर. मास्तरांचा चेहरा मात्र पूर्वी कधी नव्हता इतका शांत होता. ते कापताना गुणगुणत. चेहरा एक सांगत होता आणि माझा पडदा दुसरेच. मित्रांनो, अशा वेळी कोणावर विश्वास ठेवायचा? मला वाटले, आपलेच काहीतरी बिघडले असावे. मास्तरांनाही तसेच वाटले. त्यांनी सेल बदलून पाहिले आणि मग हात टेकले.

"मला इतकं हलकं वाटतंय आणि हे म्हणतं एकशे सत्तर. खोटारडं झालंय."

"म्हातारं झालंय हो," काकू म्हणाल्या.

त्यांनी मला कपाटात, चिंध्यांच्या गाठोड्याखाली ठेवले. तिथे मी पाच आठवडे होतो. आपण खरे की खोटे, हेच माहीत नसणे फार वाईट असते.

मग एका दुपारी श्वासबाई शिवायला टाकलेला झगा घालून पाहायला आल्या. कपाटाचे दार अर्धवट उघडे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"मास्तर, ही बाही एका हाताची आहे की दोन्ही हातांची मिळून?"

मास्तर ओशाळले. म्हणाले, सकाळपासून टेपवरचे आकडे धूसर दिसतात, सुईला दोन भोके दिसतात, डोके ठणकते. बाईंचा आवाज एकदम बदलला.

"बीपी कधी मोजलंत?"

"मशीन बिघडलंय."

"आणा ते."

काकूंनी मला बाहेर काढले. मास्तरांच्या दंडाला बांधले. मी पट्ट्यात हवा भरत गेलो, भरत गेलो, आणि पडद्यावर दोनशे चार उमटले. खाली एकशे अठरा.

"बघा, म्हटलं ना? काहीही सांगतं," मास्तर म्हणाले.

पट्टा सोडवून बाईंनी स्वतःच्या दंडाला बांधला. एकशे बावीस, अठ्ठ्याहत्तर.

"माझ्यावर खरं आणि तुमच्यावर खोटं, असं कसं होईल? आज गोळी घेतलीत?"

"सोडली की."

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"मी?"

"सगळं सोडा म्हणालात. अगदी सगळं. मी काय मनानं काही करतो का? सांगतील तसं कापतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो मास्तर, मी खांदे सोडा म्हणत होते! जबडा सोडा म्हणत होते!"

"आणि मी समजत होते, हे सुधारले," काकू म्हणाल्या. मास्तरांनी बोट दाखवताच बटणांचा डबा बाजूला करून त्यांनी ते पाकीट शोधून काढले आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात मास्तरांना तीन दिवस ठेवून घेतले. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता, तर कात्री धरणारा हात कायमचा लुळा पडला असता. गोळी पुन्हा सुरू झाली. मास्तरांनी घाबरत विचारले, "मग वर्ग सोडू?"

"आता एकही गोष्ट मला विचारल्याशिवाय सोडायची नाही," डॉक्टर म्हणाले.

श्वासबाईंनी पुढच्या वर्गात सगळ्यांसमोर आपली चूक मान्य केली. त्या दिवशी तिथे आणखी दोघांनी हळूच सांगितले, की त्यांनीही गोळ्या बंद केल्या होत्या.

मित्रांनो, आता मास्तर सकाळी गोळी घेतात, पाच मिनिटे टेकून स्वस्थ बसतात, लांब श्वास सोडतात आणि मग मला बांधतात. अजून अधूनमधून त्यांची दृष्टी माझ्याकडे संशयाने वळते. मला राग येत नाही, मलाही माझा संशय येतोच. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल, तर आकडा न आवडल्यावर त्याला कपाटात कोंडू नका, घरातल्या मोठ्या माणसांना आज गोळी घेतली का ते विचारा आणि त्यांच्याबरोबर दोन मिनिटे शांत बसून श्वासही घ्या. आज सकाळी मी एकशे चौतीस दाखवले. त्यातले किती गोळीचे आणि किती श्वासाचे, ते मला सांगता येणार नाही. पण ते कळावे म्हणून त्यातले एक काढून पाहू नका.