ढिम्म बसलेल्या मारक पेशी

आमच्या सरांनी पिपेट शेवटची हातात धरली ती त्यांच्या लग्नाआधी. तरी लॅबमध्ये जे काही पिकेल ते त्यांचंच.

नाळेच्या रक्तातल्या कोवळ्या पेशींपासून मी मारक पेशी बनवत होते. कॅन्सरच्या पेशी हुडकून संपवणाऱ्या. कोवळ्या पेशीचं अजून काहीच ठरलेलं नसतं. योग्य प्रथिनं योग्य क्रमानं पाजत तिला वळण लावावं लागतं. माझ्या पेशी दिसायला अगदी मारक झाल्या. पण कॅन्सरच्या पेशींत सोडल्या तर शेजारी ढिम्म बसून राहिल्या.

मी सरांना सांगितलं. "दिसतात ना तशा? मग झालं," म्हणाले आणि पत्रकारांना बोलावून मोकळे झाले. पेपरात मथळा आला, ‘कॅन्सरचा फडशा पाडणाऱ्या पेशी तयार’. खाली सरांचा फोटो, अंगात पांढरा कोट. तोही माझाच, खांद्यांवर ताणलेला.

त्याच आठवड्यात त्यांच्या सासूबाई मुलाचे रिपोर्ट घेऊन थेट लॅबमध्ये आल्या. सरांच्या मेहुण्याला रक्ताचा कॅन्सर निघाला होता.

"जावईबापू, डॉक्टर लगेच केमो घ्या म्हणतात. मी नको म्हटलं. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला?"

सरांना घाम फुटला. "परवानगी अडकलीय हो. थोडे दिवस लागतील."

"मग थांबतो आम्ही."

आता तरी हा माणूस खरं बोलेल म्हणून मी बघत राहिले. तो खिडकीबाहेर बघत होता.

"थांबू नका," मी म्हणाले. "आमच्या पेशी अजून काहीच मारत नाहीत. केमो आजच सुरू करा."

"तू गप्प बस!" सर ओरडले.

"तिला काय दटावता?" सासूबाई उठल्या. "माझ्या पोराच्या जिवापेक्षा तुमचं नाक मोठं झालं होय?"

रिपोर्ट उचलून त्या निघून गेल्या. सर मला शिस्तीवर व्याख्यान देत बसले.

मेहुणा केमोनं वाचला. बहिणीला भेटायला येतो, पण सर घरी नसताना. मी लॅब सोडली. नव्या ठिकाणी प्रथिनांचा क्रम बदलून पाहिला, तेव्हा काही पेशी एकदाच्या कामाला लागल्या. सगळ्या नाहीत, थोड्याच.

कुठून कळलं कोण जाणे, सरांचा फोन आला. "शेवटी आपल्या पेशी चालल्या म्हणायच्या!"

‘आपल्या’ म्हणे. मी फोन ठेवून दिला.