पाणी पिणारा त्रिशूळ

केनवडपासून तीन किलोमीटरवरच्या तांड्यात देवी पाणी पिऊन उजेड देत होती, आणि याची खबर विजेच्या खात्याला सोडून सगळ्यांना होती.

मे महिन्यातला मंगळवार. भुरीबाईच्या अंगणात तिन्ही बाजूंनी काळी ताडपत्री बांधून भरदुपारी अंधार केलेला. मधोमध जमिनीत रोवलेला कंबरेएवढा त्रिशूळ. त्याला शेंदूर, हिरव्या बांगड्या आणि लिंबांची माळ. वर वायरीला लोंबणारा एक जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब. तो जळत होता म्हणायचा. चुलीतला निखारा जरा बरा, इतकाच त्याचा उजेड. एका बाईनं पुढं होऊन त्रिशुळाच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतलं. बल्ब हळूहळू लालाचा पिवळा झाला, पिवळ्याचा पांढरा झाला. मंडपातली सगळी तोंडं उजळली.

"देवी प्याली!" माइकवर गोपीचंद महाराज गरजले. "चेक, चेक... देवी प्याली रे!"

गोपीचंद चार वर्षं डीजेच्या गाडीवर होता. महाराज होऊन त्याला पाचच आठवडे झाले होते, त्यामुळे जुनी सवय मधूनमधून तोंडात यायची. देवीच्या आवाजाला त्यानं इको लावला होता. पायात लाकडी खडावा होत्या, आणि त्या काढून तो त्रिशुळाजवळ गेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

"पाण्यात मीठ टाकून आना माय! देवीले खारं पाणी लय आवडते! अन पाणी पाजल्याशिवाय हात लावू नका. ज्याच्या पोटात पाप, त्याच्या हाताले ताप!"

तो ताप खरा होता. सकाळीच रिसोडकडच्या एका धट्ट्याकट्ट्या माणसानं पाणी न पाजता, ओल्या पायांनी त्रिशुळाला हात लावला आणि तो चार फूट मागं जाऊन पडला. उठला तो रडतच. आपल्या सख्ख्या भावाशी आपण कसं वागलो ते त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्यानंतर गर्दी दुप्पट झाली.

या गर्दीच्या मागं, हातात अवजारांची पिशवी धरून, इंद्रभान वायरमन उभा होता. वय बावन्न. केनवडच्या बुद्धविहारामागं घर. आसपासच्या सात-आठ गावांत ज्या घरात बटन दाबल्यावर काहीतरी लागतं, त्यातल्या निम्म्या घरांत त्याचा हात. तो देवीसाठी आला नव्हता. भुरीबाईची सून चंदा हिनं सकाळी फोन केला होता, "काका, कूलर नुसता घरघर करून राह्यला, फिरत नाई. हात लावला का मुंग्या येतात. येऊन पाह्यता का?"

इंद्रभान पाहत होता. त्याच्या डोक्यात एकच साधा प्रश्न फिरत होता. घरोघरी आता एलईडी. पिवळा बल्ब दुकानात मागितला तर दुकानदार आपल्याकडं म्हातारा झाल्यासारखं पाहतो. मग देवीला शंभर वॉटचा पिवळाच कायले लागतो?

उत्तर त्याला माहीत होतं. एलईडीला थोडी कमी वीज मिळाली तरी तो तेवढाच लागतो, नाहीतर मुळीच लागत नाही. कमीजास्त होऊन चमत्कार दाखवणं त्याच्या अंगात नाही. पिवळा बल्ब मात्र फार प्रामाणिक. जेवढी मिळाली तेवढी लगेच सांगून टाकतो.

"काका, आले का?" चंदा मागून आली. सव्वीस-सत्तावीसची, बारावी शिकलेली, नवरा पुण्याकडं कंपनीत. तिचे केस ओले होते, अंगावरचं लुगडंही ओलं. डोळे मात्र कोरडे.

"अवं, तू काहून भिजली?"

"मले त्रिशूळ धराचा हाय. दोन्ही हातांनी. अकरा मोजेपर्यंत."

"कायले?"

"म्हैस मेली ना आमची. सासू म्हणते, माह्याच नजरेनं मेली. धरून सुटली तर मी चांगली. नाई सुटली तर..." तिनं ओला पदर पिळला. "माहेरी फोन केला. ते म्हणे, देवीचं हाय, नाई कसं म्हणाचं."

"म्हैस कुठं मेली?"

"तिथंच. सळईले बांधली होती. सकाळी उठली, पुढं पाय टाकला अन पडली. डाक्टर म्हणे साप. मंग गोपीचंदकाका म्हैस पुराले आले, त्यायचा हात सळईले लागला, झटका बसला. थोडा वेळ गप बसले. मंग म्हणे, इथं देवी हाय. दुसऱ्या दिवशी वेल्डिंग करून सळईले तीन टोकं बसवली."

सळई.

इंद्रभान गर्दीतून वाट काढत पुढं गेला. शेंदूर, बांगड्या, लिंबं यांच्या खाली, जमिनीला लागून, एक तांब्याची तार सळईला गुंडाळलेली होती. दोन वेढे, मग एक उलटी गाठ. प्रत्येक वायरमनची गाठ वेगळी असते. ही गाठ त्याला ओळखावी लागली नाही. ती त्याचीच होती.

चार वर्षांपूर्वी याच घरात सून यायची होती. हळदीच्या दिवशी खांबावरची न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार तुटली आणि घरात अंधार झाला. लाइनमनचा फोन बंद. भुरीबाई रडायच्या बेतात. इंद्रभाननं मग ते केलं, जे या भागातला प्रत्येक वायरमन करतो आणि कोणीच सांगत नाही. पाच फुटी लोखंडी सळई अंगणात ठोकली, बुडाशी मीठ आणि कोळसा टाकला, आणि घराची परतीची तार तिला बांधून दिली. खांबावरून आलेली वीज बल्बातून जाऊन परत खांबावर जाण्याऐवजी जमिनीत जाऊ लागली. घर उजळलं. भुरीबाईनं त्याला साखर भरवली. "दोन दिवसाचं काम हाय बाई," तो म्हणाला होता, "तार जोडली का येऊन काढून टाकतो."

तार कोणी जोडली नाही. तोही आला नाही.

आणि चार वर्षं काही झालंही नाही, कारण न्हाणीचं पाणी रोज त्याच सळईपाशी जिरायचं. ओली जमीन वीज गिळून टाकायची. यंदा होळीनंतर घराच्या मागं नवा बाथरूम झाला, पाण्याला पाइप बसला, सळईभोवतीची जमीन महिनाभरात खडखडीत वाळली. जमीन वीज घेईना. मग वीज सळईवरच थांबून राहिली, आणि जो हात लावेल त्याची वाट पाहू लागली. पहिली म्हैस आली. जनावराचे पुढचे पाय एकीकडं, मागचे दुसरीकडं, मध्ये अख्खं काळीज. तिला हातही लावायची गरज पडली नाही.

आता चंदा येणार होती. ओल्या अंगानं, अनवाणी, दोन्ही हातांनी. अशी धरलेली मूठ सुटत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

त्याच्या मनात एक सोपी गोष्ट येऊन गेली. मागच्या बाजूनं जाऊन गुपचूप फ्यूज काढायचा. पोरगी वाचेल, देवी विझेल, गाठ कोणाची ते कोणी विचारणार नाही. त्यानं मागं पाहिलंसुद्धा.

"चेक, चेक... सूनबाई, पुढं या!"

पुढच्या मंगळवारी फ्यूज परत बसला तर?

"थांबा," इंद्रभान म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "नाईक, मले देवीले एक गोष्ट पुसाची हाय."

तांड्याचे नाईक सेवालाल खुर्चीवर बसले होते. गेले पाच आठवडे ते देवीवर विश्वासही ठेवत नव्हते आणि अविश्वासही दाखवत नव्हते. नाइकाला दोन्ही परवडत नाही. "पुसा ना भाऊ," ते म्हणाले. "देवी सगळ्यायची हाय."

गोपीचंद माइक बाजूला करून इंद्रभानच्या कानाशी आला. "भाऊ, तुमी समजदार माणूस हा. म्या काही येडा नाई. पोरीनं हात लावला का म्या इकडून बटन बंद करतो. काही होत नाई तिले. ती सुटते, लोक पाह्यतात, सगळे खूश." मग माइक तोंडाशी नेऊन, इकोसकट, "पाहा! देवी सूनबाईसाठी डोळे मिटून राह्यली!"

त्यानं ताडपत्रीमागचं बटन दाबलं. बल्ब विझला. मंडपात अंधार झाला आणि लोकांनी हात जोडले.

इंद्रभाननं खिशातून टेस्टर काढला. आधी पायात चप्पल आहे ना ते पाहिलं. मग टेस्टरचं टोक त्रिशुळाला टेकवलं.

त्या काळोखात टेस्टरचा छोटा दिवा लालभडक पेटला.

देवीनं डोळे मिटले होते आणि त्रिशूळ जागा होता. गोपीचंद डीजेवाला होता. पेटलेल्या टेस्टरचा अर्थ त्याला देवीपेक्षा चांगला कळत होता. माइक त्याच्या हातात तसाच राहिला आणि त्याच्या श्वासाला इको लागून तो सगळ्या तांड्याला ऐकू गेला.

"पण... बटन तर बंद हाय," तो म्हणाला.

"तुह्या बल्बाचं बंद हाय. घरात कूलर चालू हाय. अख्ख्या घराची परतीची वीज याच सळईत येते, गोपीचंद. तू एक तार पाह्यली. मारली असती तू पोरगी, अन तुले समजलंही नसतं काहून मेली."

चंदा दोन पावलं मागं सरकली.

"वायरमन देवीची परीक्षा पाहून राह्यला!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "बल्ब पाण्यानं वाढते, हे आमी डोळ्यानं पाह्यलं!"

"म्याही पाह्यलं. आता अजून एक पाहा. एक पहार आना. अन मागं सरका सगळे, उकिरड्याजवळ कोणी जाऊ नका."

त्यानं घरातला मेन बंद केला. अंगणाच्या कडेला उकिरडा होता, शेणामुताचा, आतून ओलागच्च. त्यात त्यानं पहार ठोकली आणि त्रिशुळापासून पहारीपर्यंत वायर ओढून दोन्हीकडं बांधली. गाठ तीच, दोन वेढे आणि एक उलटा. मग मेन चालू केला आणि गोपीचंदला म्हणाला, "दाब बटन."

गोपीचंदनं दाबलं.

पाच आठवड्यांत देवीनं दिला नव्हता एवढा उजेड पडला. पांढराशुभ्र, डोळ्यांवर हात धरावा असा. कोणी थेंबभर पाणी ओतलं नव्हतं. आणि घरात, पाच आठवडे कण्हणारा कूलर एकदम भर्रकन फिरायला लागला.

मग मागच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे देवी उकिरड्यात हाय का रे बापा?" आणि कोणाला तरी हसू फुटलं.

"देवी कुठं हाय ते मले माहीत नाई आजी. वीज कुठं जाते ते माहीत हाय. ओलं दिसलं का पळते. तुमी पाणी ओतलं, जमीन ओली झाली, वीज पळाली, बल्ब वाढला. मिठानं अजून पळते. जमीन कोरडी असली का सळईवर थांबते, अन हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. त्याचं पाप पाहत नाई. पाय ओले हायत का, तेवढंच पाहते."

त्यानं पुन्हा मेन बंद केला. फ्यूज काढून खिशात टाकला. चप्पल बाजूला ठेवली, तांब्याभर पाणी स्वतःच्या पायांवर ओतलं, आणि त्रिशूळ दोन्ही हातांनी गच्च धरला. "मोजा," तो म्हणाला. चंदानंच मोजलं. अकराच्या पुढं एकवीसपर्यंत मोजलं.

मग भुरीबाई पुढं आली. इतका वेळ ती मंडपाच्या खांबाला धरून उभी होती.

"मंग माही म्हैस कोनं मारली?"

लोक गोपीचंदकडं पाहू लागले. ते सोपं होतं. इंद्रभाननं तसंच राहू दिलं असतं तर चाललं असतं.

"म्या मारली बाई," तो म्हणाला. "ही सळई माही हाय. तुह्या सुनेच्या हळदीले ठोकली. दोन दिवसांनी काढतो म्हणलो, अन चार वर्षं आलो नाई. हे देवीचं नाई, सुनेचं नाई. गोपीचंदनं फक्त टोकं लावली."

भुरीबाई त्याच्याकडं पाहत राहिली. तिनं त्याला भरवलेली साखर दोघांनाही आठवत असावी. मग तिनं खांद्यावरचा कोरडा टॉवेल काढला आणि सुनेच्या ओल्या डोक्यावर टाकला, जरा जोरातच, रागावल्यासारखा.

नाइकांनी माइक इंद्रभानसमोर धरला. इको बंद करायचं कोणाला सुचलं नाही, त्यामुळे अक्कल सांगणारं हे एकच भाषण तांड्याला दोनदोनदा ऐकू आलं.

"मले भाषण येत नाई. घरात कशाले हात लावून मुंग्या आल्या तर नारळ फोडू नका, मेन बंद करा. अंगणात सळई ठोकून बल्ब लावू नका. वायरमन लावून देतो म्हणला तर त्याले हाकला, तो मी असलो तरी. खांबावरची तार जोडून मागा, रोज मागा, जाऊन बसा. झटका हा निरोप असते बापहो. तार कुठंतरी चुकली, एवढाच निरोप. त्यात कोणत्या सुनेचं नाव नसते."

गोपीचंद खडावा हातात घेऊन ताडपत्री सोडायला लागला. त्याला कोणी मारलं नाही. पहार उकिरड्यातून काढून दे, एवढं एक काम नाइकांनी त्याला सांगितलं, आणि त्यानं मेन बंद आहे का हे तीनदा विचारलं.

सळई उपटायला चौघं लागले. इंद्रभान पिशवी आवरत होता तेव्हा चंदा आली. लुगडं बदललेलं. तिनं हात पुढं केला.

"टेस्टर द्या काका."

"कायले?"

"बाकीची घरं पाह्यते."

तो तिच्यामागं निघाला. कुठं टेकवायचं, कुठं बोट ठेवायचं, चप्पल काढायची नाही, हे त्यानं दाखवलं. पुढं तिनंच केलं. दिवस मावळेपर्यंत त्या तांड्यात अशा आणखी नऊ सळया सापडल्या. एकीला कपडे वाळत घालायची तार बांधली होती. एकीला शेळी. शेंदूर मात्र कोणत्याच सळईला नव्हता. ती वेळ अजून यायची होती.

चंदा प्रत्येक सळईपाशी वाकून तारेची गाठ पाहायची आणि पुढं जायची. नऊपैकी चार गाठी दोन वेढ्यांच्या होत्या.

शेवटच्या घरापाशी तिनं टेस्टर पुसून त्याला परत दिला.

"अन बाकीच्या गावायत, काका?"

इंद्रभाननं मोटारसायकलच्या टाकीवर एक जुना कागद पसरला आणि आठवतील तशी घरं लिहायला घेतली. केनवडची लिहिली, शेजारच्या वस्तीची लिहिली, एका लग्नघराचं नाव आठवेना म्हणून नुसतं 'लग्न, आंब्याजवळ' असं लिहिलं. कागदाची एक बाजू भरली. त्यानं तो उलटा केला.