माफ केलेला बांध

विट्यापासून आठ किलोमीटरवरच्या आपल्या गावात जोतीराम कायमचा राहायला आला, ही बातमी 'कायमचा' हा शब्द वगळून गावभर पसरली.

सव्वीस वर्षं त्यानं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं, दुकान चालवलं. गावातले निम्मे पुरुष परमुलखात हेच करतात. गाव पुरतं भरतं ते जत्रेला. त्यामुळे बाहेरून आलेल्याला काय विचारायचं, याचा इथं दांडगा सराव.

"कवा आलासा?" आणि लगेच, "कवा जानार?"

"आता हितंच," जोतीराम सांगायचा.

"व्हय व्हय. पर जानार कवा?"

त्याला बसायला खुर्ची मिळे. चहा कपबशीतून. ज्या पारावर तो लहानपणी लोळला, तिथली धूळ लोक त्याच्यासाठी टॉवेलनं झटकत. शाळेच्या झेंडावंदनाला त्याला शाल आणि नारळही दिला. कशाबद्दल, ते कुणालाच ठाऊक नव्हतं; जोतीरामलाही.

त्याच्या बायकोनं, राजेश्वरीनं, दसऱ्यापर्यंत मुदत दिली. "तिकडं परकी हुते, ते परवडलं. आपल्याच गावात पाव्हणी म्हणून म्हातारी व्हायचं मला न्हाई जमायचं. दसऱ्यापतुर असंच ऱ्हायलं, तर परत कोइमतूर."

म्हणून त्यानं शेतीत हात घातला. भाड्याचा ट्रॅक्टर स्वतः चालवला आणि पहिल्याच दिवशी शेजारच्या कृष्णातचा बांध हातभर कोरला. कृष्णात शाळेत त्याच्याच बाकावर बसायचा. त्यानं येऊन नांगरलेला बांध पाहिला. जोतीराम जीव मुठीत धरून थांबला.

"असू द्या पाव्हणं," कृष्णात गोड आवाजात म्हणाला. "चालतंय की."

जोतीरामनं ट्रॅक्टर घराकडं वळवला. या मुलखात बांध सख्ख्या भावालाही माफ होत नाही. माफ होतो तो फक्त परक्याला.

घरी सांगितल्यावर राजेश्वरी एवढंच म्हणाली, "संपलं मग."

दसऱ्याला आठ दिवस उरले असताना त्यानं पुन्हा ट्रॅक्टर आणला. या वेळी चुकून नव्हे. आणखी वीतभर बांध घेतला. कृष्णात हसला, पण नुसता तोंडानं. दुसऱ्या दिवशी आणखी चार बोटं गेली, आणि पलीकडच्या रानातून आवाज आला,

"ए जोत्या! उतर खाली! आयला, बांध काय तुझ्या बापानं कोइमतूरवरनं पाठवलाय व्हय रं?"

सव्वीस वर्षांत त्याला कुणी जोत्या म्हटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. पण बांधाच्या भांडणात रडून भागत नाही. त्यानं उलट उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडली तमिळ.

तोवर जमलेल्या आळीनं निराशेनं मान हलवली. मग राजेश्वरी पदर खोचून पुढं झाली आणि नवऱ्याच्या बाजूनं असं काही बोलली, की म्हातारी शालूबाई शेजारणीला हळूच म्हणाली, "बाई लय तयारीची हाय. हिचं म्हायेर आटपाडीकडचं असनार."

दोर आला. दोन्हीकडून धरून मापं घेतली, ती दोन वेगवेगळी निघाली. शेवटी ठरलं, सरकारी मोजणी मागवायची.

सकाळी जोतीराम आणि कृष्णात एकाच मोटरसायकलवरून विट्याच्या मोजणी कचेरीत गेले. बोलणं बंद असल्यामुळं वाटेत कुणी चकार शब्द काढला नाही. अर्ज मात्र कृष्णातनं हिसकावून घेतला.

"आन हिकडं. तुला धड शिवी देता येत न्हाई, अर्ज काय लिवशील?"

खिडकीतल्या माणसानं अर्ज उलटसुलट पाहिला. "नंबर यायला लय दिवस लागतील. दोन्ही पार्ट्या गावातच असतात न्हवं? मागनं माणूस गावंना म्हणू नका."

जोतीरामनं तोंड उघडलं, पण कृष्णातनं त्याला कोपरानं मागं सारलं.

"हितंच असतोय ह्यो," तो म्हणाला. "मोजणी झाल्याबिगर मी सोडतोय व्हय त्याला?"