पत्रात लिहिलं होतं ते

"थांब गं हॅना, नेल अजून आली नाही," आई म्हणाली आणि मी पत्र परत मांडीवर ठेवलं.

रविवारी चर्चहून आल्यावर आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसे. माझा भाऊ मॉर्टी तुरुंगात होता. इंग्रजांच्या नव्हे, आमच्याच नव्या आयरिश सरकारच्या; म्हणजे दोन वर्षांपूर्वी इंग्रजांशी लढताना त्याच्याच शेजारी बंदूक घेऊन खंदकात बसलेल्यांच्या. आईला वाचता येत नव्हतं. तेव्हा पत्र मी वाचायचं आणि गावानं ऐकायचं, असा रिवाजच पडून गेला.

खरं सांगते, मॉर्टीची पत्रं अगदी अळणी. मोजे पाठवा, इथे बटाटे कच्चे असतात, गाय व्याली का? लोक चिखल तुडवत आलेले, त्यांना गाईचं काय वाचून दाखवणार? म्हणून मी चार वाक्यं पदरची घालू लागले. 'आयर्लंडसाठी आणखी दहा वर्षं काढू', असलं काहीतरी. लोहार टिम डेनी डोळे पुसायचा. मॉर्टी गावाचा वीर झाला तो माझ्या जिभेवर.

नेल लूनी आली. तिचा मुलगा कॉन त्या वर्षीच्या वसंतात याच सरकारची गोळी लागून गेला होता, त्यामुळे चांगली खुर्ची तिची. मी घडी उलगडली.

'आई, खोकला थांबत नाही. शेजारच्या खाटेवरच्याला मंगळवारी उचलून नेलं. पुन्हा हत्यार धरणार नाही, अशा कागदावर सही केली तर सोडतात. तू म्हणशील तसं करीन. नको म्हणालीस तर राहीन.'

सही करून सुटलेल्याला आमच्याकडे कुणी दारात उभं करत नाही. मी घसा खाकरला आणि ठोकून दिलं, "'प्राण गेला तरी झुकणार नाही!'"

"शाब्बास रे पठ्ठ्या!" टिम ओरडला.

"हॅना," आई म्हणाली, "आता पत्रात लिहिलंय ते वाच."

"तेच तर वाचलं."

"मनचं सांगतेस तेव्हा तुझे डोळे ओळीवरून सरकत नाहीत. वर्षभर बघतेय मी. कुणाचं काही बिघडत नव्हतं, म्हणून गप्प बसले. आज मात्र आधी सगळं मनात वाचून घेतलंस. वाच."

मी वाचलं. मला मॉर्टीची नाही, माझी लाज वाटत होती.

टिमनं टोपी उचलली. "पेग, विचार कर. दहा वर्षं काढीन म्हणणारा पोरगा आता सही करणार?"

"ते माझ्या पोरानं नाही म्हटलं, टिम. पोरीनं म्हटलं."

सगळे नेलकडे बघत होते. ती उठली, शाल सारखी केली. "माझ्या कॉनपुढे कुणी कागद धरला नाही गं, पेग," एवढंच बोलली आणि बाहेर पडली. तिच्यामागून एकेक करून सगळेच गेले.

"लिही," आई म्हणाली. "सही कर आणि घरी ये. तुझं काही घालू नकोस."

मॉर्टी नोव्हेंबरात आला आणि मार्चपर्यंत जगला. सही न करता सुटलेल्यांसाठी चौकात शेकोट्या पेटायच्या. त्याच्यासाठी कुणी काडी ओढली नाही. पहिल्याच रविवारी आई त्याला चर्चला घेऊन निघाली, कडेकडेनं नाही, रस्त्याच्या मधून. दर वीस पावलांवर त्याला उबळ यायची. मग आई थांबायची, जवळच्या दारात जो कोणी उभा असेल त्याचं नाव घ्यायची, बायकोची तब्येत विचारायची, पोरांची विचारायची. समोरून उत्तर येत नसे. ती तरी विचारत राहायची, मॉर्टीचा खोकला थांबेपर्यंत. मग त्याचा दंड धरून पुढच्या दाराकडे चालू लागायची.