उजवीकडचं स्टिअरिंग

मंगोलियाच्या सीमेवरच्या झामिन-ऊद गावात, रेल्वेच्या मालधक्क्यामागे, कुंपण घातलेल्या आवारात जपानहून आलेल्या जुन्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या. मुळात कोणती पांढरी, कोणती हिरवी, काही कळत नव्हतं. वाऱ्यानं सगळ्यांना एकच रंग दिला होता. तरी तुंगलगनं आपली जीप लांबूनच ओळखली. पुढच्या डाव्या दिव्याखाली तिला एक खोक होती. जीप जपानहून मागवल्यापासून हिवाळाभर वडील फोनवर तिचा फोटो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत आणि समोरचा काही म्हणायच्या आत स्वतःच सांगत, "एवढी खोक असायचीच. बिनडागाचा म्हातारा आणि बिनडागाची जुनी गाडी, दोघांवरही विश्वास ठेवू नये."

आता फोटो दाखवणारा राहिला नव्हता. महिना होत आला होता. खातनबुलागकडच्या वाळूत, आपल्या जुन्या रशियन जीपच्या स्टिअरिंगवर डोकं टेकून ते गेले. त्या दिवसानंतर ती जीपही सुरू झाली नाही. गावातले म्हणाले, धन्यामागे गेली. तुंगलग म्हणाली, गिअरपेटी गेली.

वडील त्या तालुक्याचे पशुवैद्य होते, आणि दोन वर्षांपासून तुंगलगही. शहरात शिकून ती परत आली तेव्हा लोक हसले होते. मग त्यांच्या शेळ्या वाचल्या तेव्हा हसायचे थांबले. पण त्या मुलखात एका तंबूपासून दुसरा तंबू दिसत नाही. गाडीवाचून पशुवैद्य म्हणजे हातात सुई घेऊन दारात बसलेली बाई. वसंतातलं लसीकरण तोंडावर आलं होतं, आणि तिच्या फोनवर सकाळपासून हांद नावाच्या म्हातारीचे चार फोन येऊन गेले होते: उंटांना खरूज झालीय, कातडी फाटायला लागलीय, कधी येतेस?

फाटकापाशी जामियान काका उभे होते. वडिलांचे थोरले भाऊ. साईनशांदहून सकाळच्या गाडीनं ते मुद्दाम आले, हे पाहून तिला बरं वाटलं होतं. तेवढ्यात त्यांच्या मागून चामड्याचं जाकीट घातलेला एक जाडजूड माणूस पुढे झाला आणि तिच्या जीपभोवती फिरून टायरांवर लाथा मारू लागला.

"हे कोण?" तुंगलगनं विचारलं.

"दाम्बा," काका म्हणाले. "कोळसा वाहतुकीचा धंदा आहे याचा. माणसांना खाणीवर ने-आण करायला गाडी हवीय. मी शब्द दिलाय."

"कशाचा शब्द?"

"गाडीचा. अजून कशाचा?"

आवारात कस्टमची कामं करून देणारी ओदोन नावाची बाई सूर्यफुलाच्या बिया चावत उभी होती. किल्ल्यांचा झुबका तिच्या गळ्यात लोलकासारखा लोंबत होता. ती तत्परतेनं म्हणाली, "माझ्याकडचं सगळं झालंय हं. टेप आणि पाने-पकड वाटेत चोरांनी उतरवले, ते मला विचारू नका, सगळ्यांचेच उतरवतात. गाडी तुमच्या घराची. आता घरातल्या घरात ठरवा आणि किल्ली कोणाच्या हातात देऊ ते सांगा. पण लवकर. मला जेवायचंय."

"किल्ली मला," तुंगलग म्हणाली.

"थांब," काका म्हणाले. ओदोनचा गळ्याकडे गेलेला हात तिथेच थांबला. पांढऱ्या केसांचा पुरुष थांब म्हणाला की या भागात हात थांबतातच.

काकांनी तिला बाजूला घेतलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"हे बघ, पोरी. मी लामांना विचारून आलोय. तुझ्या आईला यंदाचं वर्ष जड आहे. समुद्रापलीकडचं लोखंड घरात येऊ नये, असं निघालं. आईला मी साईनशांदला नेतो. माझ्या इमारतीत, माझ्याच मजल्यावर खोली बघितलीय, गरम पाणी चोवीस तास. तूही शहरात जा. तिथे कुत्र्यामांजरांचे दवाखाने निघालेत, काचेचे. पगार वेळेवर. हातपाय स्वच्छ."

"आणि हांदचे उंट?"

"सरकार दुसरा माणूस पाठवील."

"कोण येणार खातनबुलागला? मागच्या वेळी पाठवला होता तो पहिलं वादळ बघून परतीच्या ट्रकवर चढला. त्याची बॅग अजून आमच्याकडे पडलीय."

काकांनी टोपी काढली, परत घातली. "मी एका माणसाला वाळूतून उचलून आणलंय," ते म्हणाले. "थंडगार पडला होता. बोटं चाकावरून सोडवावी लागली. दुसऱ्यांदा मी ते करणार नाही."

ती बोटं नंतर तिनंच धुतली होती. तिनं खाली बघितलं, बुटानं एक खडा बाजूला केला. मग म्हणाली, "काका, तुम्हाला भीती वाटते ते मला कळतं. पण तुमच्या भीतीपायी मी काचेच्या दवाखान्यात बसणार नाही."

"तुला विचारतंय कोण? घरातला मोठा मी आहे."

"मोठे तुम्ही. मग सांगा, सुतकात घरातली वस्तू बाहेर द्यायची नाही, हे कोणी सांगितलं आम्हाला? शेजारीण चिमूटभर मीठ मागायला आली, तुम्ही तिला दारातून परत पाठवलंत. कुत्रीची पिल्लं द्यायची ठरली होती, ती तशीच आहेत, घरभर मुततायत. एकोणपन्नास दिवस व्हायचेत अजून. आणि गाडी तेवढी चालते द्यायला?"

काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. या प्रश्नाची तयारी ते आगगाडीतच करून आले असावेत. "ती घरातली वस्तू. ही घरातली कुठे झालीय? हिला कोणी दूध लावलंय? खादाग बांधलाय? आशीर्वाद म्हटलाय? तोवर हे नुसतं लोखंड. बाजारातलं लोखंड. म्हणून तर इथल्या इथे विकायची, घराचं दार बघायच्या आधी. लामांनाही विचारलं मी. चालतं म्हणाले."

दाम्बानं मान डोलावली. "बरोबर आहे, ताई. मीही तेच विचारून घेतलं. आपल्याला कोणाच्या घराचं काही नको. लोखंड असेल तर ठीक."

तुंगलगनं एकदा काकांकडे बघितलं, एकदा दाम्बाकडे. मग ती फाटकाबाहेर निघून गेली.

"रडायला गेली," दाम्बा म्हणाला.

"जाऊ दे," काका म्हणाले. "लहानपणापासून एकटीच रडते."

ती रस्त्यापलीकडच्या दुकानात गेली होती. परत आली तेव्हा तिच्या एका हातात दुधाची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात खादाग, आशीर्वादाचं निळं रेशमी वस्त्र, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात. सरळ जीपपाशी जाऊन तिनं पिशवीचा कोपरा दातानं फाडला.

"काय करतेस?" काका म्हणाले. आणि मग त्यांना कळलं. "ए! ए, पोरी! तो मान पुरुषाचा असतो! घरातल्या मोठ्या पुरुषाचा!"

"घरातला मोठा पुरुष गाडी विकायला निघालाय," ती म्हणाली. "त्याला वेळ नाही."

तिनं तळहातावर दूध ओतलं, अनामिका बुडवली आणि बॉनेटवर थेंब शिंपडले. वारा समोरून होता. निम्मं दूध उलटून तिच्याच तोंडावर आलं. तिनं पुसलं नाही. पुढचं चाक, मागचं चाक, पलीकडून मागचं, पुढचं. मग त्या खोकेवर बोट टेकवलं. धुळीवर दुधाचे थेंब पडले की त्यांचे करडे गोळे होत होते.

"पिशवीतलं दूध!" काका म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "सुतकात मंगल कार्य! सगळ्या घराला पाप लागेल!"

"घराला नाही, मला. माझं नाव सांगा तुमच्या लामांना. तुंगलग, जन्म घोड्याच्या वर्षातला." मग ती जीपकडे वळली आणि मोठ्यानं म्हणू लागली. वडिलांचे शब्द तिला पूर्ण आठवत नव्हते. आठवले तेवढे घेतले, उरलेले आपले घातले. "तुझं चाक दगडाला न लागो. धूळ मागे राहो, वाट पुढे राहो. जिथे जाशील तिथलं जनावर उठून उभं राहो. तू आमच्या घरची झालीस."

ओदोनचं बिया चावणं थांबलं होतं. पलीकडच्या रांगेतले दोन चालक टोप्या हातात घेऊन उभे राहिले होते. आशीर्वाद कोणी का म्हणेना, डोकं झाकून ऐकायचा नसतो. दाराला कुलूप नव्हतं. तुंगलगनं आत चढून आरशाला खादाग बांधला, गाठ ओढून बघितली आणि खाली उतरली.

"आता झाली घरातली वस्तू," ती म्हणाली. "आता बाहेर द्यायची नाही. तुमचाच नियम."

मग दाम्बानं हळूच मघाशी टायरला लावलेला पाय मागे घेतला, आणि आणखी एक पाऊल मागे सरकला.

"जामियान गुवाइ," तो वडीलधाऱ्याला द्यायचा तो मान देऊन म्हणाला, "मला माफ करा. ही आता मला नको."

"अरे, पोरीचा आगाऊपणा आहे तो! त्याला काय किंमत!"

"असेल. पण सुतकातल्या घरातली, दूध लावलेली गाडी मी नेली हे उद्या खाणीवर कळलं तर माझा एक माणूस हिच्यात बसायचा नाही. आणि कळणारच." त्यानं ओदोनकडे बघितलं. "हिनं बघितलंय ना."

"मी कोणाला सांगत नाही," ओदोन म्हणाली. "विचारलं तरच सांगते."

दाम्बा जाता जाता तुंगलगपाशी थबकला. "ताई, खाणीवर नोकरी हवी असेल तर सांगा. भाव करायला तुमच्यासारखं माणूस पाहिजे."

"उंट आजारी पडला तर बोलवा," ती म्हणाली.

ओदोननं गळ्यातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. या वेळी कोणी थांब म्हणालं नाही.

तुंगलगनं फाटकापाशी ठेवलेली औषधांची पेटी मागच्या सीटवर टाकली आणि ती उजव्या दारानं आत चढली. रशियन जीपमध्ये स्टिअरिंग डावीकडे असे. तिथे वडील बसत आणि ती उजवीकडे, औषधांची पेटी मांडीवर घेऊन. आज ती त्याच बाजूला बसली होती, जिथे नेहमी बसायची. फक्त चाक तिच्याकडे आलं होतं. डावीकडची जागा रिकामी होती. तिनं किल्ली फिरवली.

लगेच एक बाई अतिशय नम्रपणे जपानीत काहीतरी बोलली.

खिडकीशी आलेले काका दचकून मागे झाले. "कोण आहे आत?"

"गाडी बोलतेय."

"काय म्हणतेय?"

"मला काय ठाऊक? बहुतेक बसा म्हणत असेल. जपानी लोक मर्यादशील असतात."

इंजिन खोकलं, धुराचा काळा लोट सोडून लागलं. डिझेलचा तो जाड, ओबडधोबड आवाज ऐकून काकांनी नकळत कान टवकारले. तरुणपणी त्यांनी ट्रक चालवला होता. तुंगलगनं गिअर टाकायला सवयीनं उजवा हात खाली नेला आणि तो दारावर आपटला. ती चडफडली. पुन्हा तेच केलं. पुन्हा दार.

"डाव्या हातानं," काका म्हणाले.

"कळतंय."

"कळतंय तर दाराला कशाला मारतेस?"

तिनं डाव्या हातानं गिअर टाकला. जीप एक गचका खाऊन पुढे सरली. काका चालत बरोबर येत राहिले, एक हात खिडकीच्या कडेवर. फाटकाशी आल्यावर म्हणाले, "थांब." तिनं गाडी थांबवली नाही, फक्त हळू केली. त्या वयाच्या माणसाला चालत्या गाडीत चढावं लागलं. धापा टाकत त्यांनी डावीकडचं दार ओढून घेतलं.

"मी तुझ्या बाजूचा नाही, हे लक्षात ठेव," ते म्हणाले. "वाळूत रुतलीस तर ढकलायला कोणीतरी हवं, म्हणून आलोय."

"ठीक आहे. पट्टा लावा."

गाव मागे पडलं. डांबरी रस्ता साईनशांदकडे उत्तरेला गेला. ती पश्चिमेच्या कच्च्या वाटेला लागली. काकांनी मान वळवून डांबराकडे बघितलं. पुढे बऱ्याच वेळानं, घराकडे जाणारा फाटा आला आणि तिनं तोही सोडला, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"घर तिकडे आहे."

"आधी हांदकडे."

"सुतक आहे आपल्याला! सुतकातलं माणूस दुसऱ्याच्या तंबूत जात नाही!"

"तंबूत नाही जाणार. बाहेर उभी राहीन. सुतक माणसाला असतं काका, उंटांना नसतं."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पण घट्ट धरून बसले, कारण वाट तशीच होती.

हांद म्हातारी गाडीचा आवाज ऐकून बाहेर आली. ओळखीची गाडी नव्हती म्हणून कपाळावर हात धरून बघत राहिली. कुत्री भुंकत जीपभोवती धावली. तुंगलगनं उतरताच आपण आत येत नाही म्हणून सांगितलं. हांदनं मान हलवली, आत गेली आणि खाऱ्या चहाच्या वाट्या बाहेर आणून बॉनेटवर ठेवल्या. नाव न घेता, गेलेल्या माणसाविषयी दोन शब्द बोलली. मग कुंपणाशी बांधलेली उंटीण दाखवली. मानेखाली, काखेत कातडीचे केस गळून खपल्या धरल्या होत्या, आणि जनावर उभ्या उभ्या थरथरत होतं.

"उशीर झाला," तुंगलग म्हणाली. "पण फार नाही."

ती पेटी उघडून सुई भरायला लागली. हांद मात्र काकांकडे वळली. त्या भागातली माणसं पांढऱ्या केसांशीच बोलतात.

"जामियान गुवाइ, आता आम्ही काय करायचं? म्हातारा गेला. आता आमच्याकडे पशुवैद्य कोण येणार? तुम्ही घरातले मोठे, तुम्हीच काहीतरी सांगा."

काकांनी चहाची वाटी खाली ठेवली. तुंगलगची सुई अर्धी भरलेली हातात तशीच राहिली. तिनं वर बघितलं नाही.

"काय सांगू?" काका एकदम खेकसले. "ही काय, समोर उभी आहे! डोळे फुटले का तुझे, हांद? तीन तास दगडधोंड्यांतून हाडं खिळखिळी करून आणलंय हिनं मला. घरी नेलं नाही, दारी नेलं नाही, आधी तुझा उंट! आणि तू मला विचारतेस कोण येणार?"

"मी आपलं विचारलं," हांद म्हणाली.

"विचारायचं तर हिला विचार. माझं कुठे ऐकते ती!"

उंटिणीनं या आरड्याओरड्यानं मान झटकली आणि हिरवट थुंकीचा फवारा काकांच्या बाहीवर उडवला. हांदनं हसू लपवायला बाही तोंडाशी नेली.

तुंगलगनं सुई उंच धरून हवा काढली. "काका, वेसण धरा."

काकांनी बाहीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि दोन्ही हातांनी वेसण धरली.

"अजून वर. हां. आणि आता बोलू नका, जनावर बुजतं."