सोळा जीबी दिसतंय ना!

शी! सांगायची पण लाज वाटते. गारखेड्यातल्या माझ्या स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या प्रेरणाला मी गिऱ्हाइकादेखत हाकललं. बिडकीनचे पुंजारामभाऊ लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ न्यायला तिसऱ्यांदा आले, अन् काम अजून अर्धवटच. "या पोरीला कामच येत नाय," मी म्हणालो. ती रडकुंडीला आली. "अभयदादा, खंडेनवमीपासून मशीनच अडकतंय."

"सोळा जीबी रॅम दिसतंय ना? मग?"

पुंजारामभाऊंनी ते जाईल तिथं सांगितलं. मग तिला कुठल्याच स्टुडिओत कुणी उभं करीना.

शेवटी मी स्वतः एडिटिंगला बसलो. सप्तपदीचा एक तुकडा कापायला गेलो, तर चित्र जागच्या जागी थिजलं. डोकं असं सणकलं! मुकुंदवाडीच्या सम्यकला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम त्याचं. त्यानं एक छोटं सॉफ्टवेअर उघडलं. मेमरीच्या पानावर चॅनलसमोर 'सिंगल' लिहिलेलं. "इथं ड्युअल पाहिजे," म्हणत त्यानं कॉम्प्युटरचा डबा खोलला.

आत बघतो तर काय! हळद, कुंकू, चिकटलेल्या अक्षता, वरून धूळ.

"ह्या रॅमच्या पट्ट्या कुणी काढल्या होत्या?"

मीच. खंडेनवमीला मशीन पुसून पुजायचं म्हणून मीच काढल्या, अन् जोडी झ्याक दिसावी म्हणून शेजारीशेजारी खोचल्या.

"या बोर्डावर दुसऱ्या अन् चौथ्या खाचेत बसवायच्या," सम्यक म्हणाला. "दोन नळ असून तुम्ही दोन्ही हंडे एकाच नळाखाली लावले. सोळा दिसणारच. पण धार एकच. त्यात तुमच्याकडं वेगळं ग्राफिक्स कार्ड नाय, चित्र पळवायचा सगळा भार ह्या रॅमवरच."

त्यानं पट्ट्या साफ करून हलवल्या. 'ड्युअल' आलं. सप्तपदी सुरळीत पळाली.

मी प्रेरणाला फोन लावला. "ये बाई परत. मशीन सुधरलं."

"काय झालं होतं, दादा?"

"रॅम चुकीच्या खाचेत होती."

"कुणी बसवली?"

"कॉम्प्युटरच्या दुकानवाल्यानं," मी म्हणालो. सम्यकनं माझ्याकडं एकदा बघितलं अन् बॅग भरली.

ती म्हणाली, "येते. पण आधी पुंजारामभाऊंना सांगा, चूक माझी नव्हती."

"सांगतो की."

सोमवारी भाऊ आले. व्हिडिओ बघून लई खूश. चहा पिता पिता म्हणाले, "ती येडी पोरगी गेली, तवा कुठं काम झालं. व्हय ना?"

"व्हय," मी म्हणालो.