बॉस ब्राउनआउटची शेवटची हुर्यो

मोगऱ्याचा हार कोणी घालायचा, यावरून कुया बेनिगनी आते कोरिंगचं दुपारपासून डोकं खाल्लं होतं. तिकडे कुया म्हणजे दादा आणि आते म्हणजे ताई; नात्याने नव्हे, मानाने म्हणायचं. हार त्यांनी स्वतःच चर्चच्या दारातून आणला होता आणि कोमेजू नये म्हणून ओल्या रुमालात गुंडाळून मांडीवर धरला होता, तान्ह्या पोराला धरावं तसा.

"तूच घाल," ते म्हणाले. "इतकी वर्षं त्याला शिव्या घातल्यास, आज हार घाल. फिटंफाट होईल."

"मला नाही जमायचं. हौस तुम्हाला, तुम्हीच घाला," आते कोरिंग म्हणाली आणि कच्च्या आंब्याची फोड खारवलेल्या कोळंबीत बुडवून तोंडात टाकली.

मालाबोन शहरात मासळीबाजारामागे बास्केटबॉलचं मैदान आहे, वर पत्रे घातलेलं. महिन्यातून एका रविवारी तिथे दोरांचा चौकोन उभा राहतो आणि कुस्त्या होतात. टीव्हीवरच्या नव्हेत, गल्लीतल्याच पोरांच्या. कोणी रिक्षा चालवतो, कोणी केस कापतो, आणि रविवारी मुखवटे नाहीतर सोंगं चढवून एकमेकांना आपटतो. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं; पण ते बोलून दाखवणाऱ्याच्या शेजारी पुन्हा कोणी बसत नाही. हाडं मात्र खरोखरची आपटतात, आणि तिकीट काढणाऱ्यालाही एक काम असतं. भल्याला टाळ्या, दुष्टाची हुर्यो. त्यात आते कोरिंगचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं.

आठवडाभर ही बाई कुजबुजत जगायची. एका अंत्यविधीच्या दुकानात ती मर्तिकाला आलेल्यांना कॉफी-बिस्किटं द्यायची, रडणाऱ्या बायकांना खुर्ची द्यायची, आणि तिथे चढ्या आवाजात बोललेलं मालकाला खपत नसे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न करून लांब सेबूला. मनातलं ओरडून बाहेर काढायला तिला हीच एक जागा होती, आणि ओरडायला एकच माणूस. बॉस ब्राउनआउट.

वीज जाणं म्हणजे ब्राउनआउट, आणि हा वीज तोडणारा. खांद्यावर शिडी, हातात ही मोठी पक्कड. तो येताना नुसते दिवे जात नसत. पत्र्याखालचे मोठाले पंखेसुद्धा तो खरोखर बंद करायला लावायचा. एप्रिलच्या उकाड्यात, माणसांनी खच्चून भरलेल्या मैदानात पंखे बंद! त्याचा राग यायला नाटकाची गरजच नव्हती. घाम पुसत लोक त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आणि तो दोरांवर चढून गालातल्या गालात हसत वारा घ्यायचा, खिशातल्या जपानी पंख्याने.

त्याचं खरं नाव आर्विन लाकान्दुला, धंद्याने इलेक्ट्रिशियन. पण आते कोरिंग त्याच्याशी एकही गोड शब्द कधी बोलली नव्हती आणि तोही नाही. दुष्टाने चाहत्याकडे बघून हसायचं नाही, हा त्यांचा धर्म. एकदा बाजारात तो आईबरोबर भाजी घेताना दिसला. आते कोरिंगने शेवग्याच्या पाल्याच्या शेवटच्या जुडीला हात घातला, तर याने ती तिच्या हातातून ओढली, पैसे टाकले आणि छद्मी हसून चालता झाला. आईने बिचारीने पोराच्या पाठीत धपाटा घातला. आते कोरिंग त्या दिवशी इतकी खूश होती, की दुकानात कॉफी ओतताना गाणं गुणगुणली आणि मालकाची बोलणी खाल्ली.

आज त्याची शेवटची कुस्ती. कतारला वायरमनची नोकरी मिळाली होती, मंगळवारचं विमान. गुडघाही कुरकुरत होता, आता परत येऊन खेळणं नव्हतं. जाता जाता तो किड काराबाव, म्हणजे रेडा, अशा नावाच्या, नुकतंच मिसरूड फुटलेल्या पोराकडून हरणार, आणि दुष्टाला लोळवणारा म्हणून उद्यापासून ते पोर मैदानाचं लाडकं होणार, असा बेत होता. बेत साधा आणि चांगला होता. तो लोकांच्या चांगुलपणाने बिघडवला.

दिवे गेले. पंखे घरघरत थांबले. आणि हुर्यो उडायच्या ऐवजी सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. "सलामात, बॉस!" कोणीतरी आभार मानले आणि मग सगळ्यांनी तेच धरलं. घामाने निथळत, हसत हसत लोक आभार मानत होते. कुया बेनिगनी संधी साधली, गुडघे धरत धरत कठड्यापर्यंत गेले आणि हार त्याच्या गळ्यात घालून, वर पाठ थोपटून आले.

बॉस ब्राउनआउट खांद्यावर शिडी, गळ्यात हार असा उभा राहिला, निवृत्तीच्या सत्काराला आणलेल्या हेडमास्तरासारखा. हसावं तर धर्म बुडतो, रागवावं तर कोणावर?

कुस्ती सुरू झाली तरी तेच. त्याने किडचे केस ओढले, लोक कौतुकाने हसले. त्याने पंचाच्या नजरेआड पक्कड मारली, टाळ्या पडल्या. त्याने पोराच्या डोळ्यांत पाणी मारलं, तोंडावर मीठ चोळलं, कान चावला. एक बाई हळव्या आवाजात म्हणाली, किती आठवण येईल याची. बिचाऱ्या किडकडे कोणी बघेना. ते पोर मार खाऊन खाऊन लाल झालं होतं आणि मोठा मोठा श्वास घेत लोकांकडे बघत होतं. आता हा जिंकला असता तर सगळ्यांच्या लाडक्याला पाडलं म्हणून शिव्या यालाच बसल्या असत्या. एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात, दोन्ही एकाच दिवशी वाया जाणार होती.

आते कोरिंगला हे सगळं दिसत होतं. पण तिला वाटत होतं, आपणही टाळ्या वाजवाव्यात, एकदाच. पोरगं परदेशी चाललंय. त्याला शेवटचं वाईट कसं बोलायचं?

तेवढ्यात बॉस दोरांवरून वाकला, थेट तिच्यासमोर. हार मानेवरून लोंबत होता, घाम हनुवटीवरून टपकत होता.

"काय गं म्हातारे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज दातखीळ बसली वाटतं?"

तोंडावर नेहमीचं छद्मी हसू होतं, पण डोळे हसत नव्हते. ते विनवत होते. असे डोळे आते कोरिंग रोज दुकानात बघते. माणसाला नीट निरोप द्यायचा असतो आणि कसा द्यायचा ते कळत नसतं.

ती उठली. प्लास्टिकच्या खुर्चीवर चढली. कुया बेनिगनी घाबरून खुर्चीचे पाय धरले.

"अरे ए तारतोड्या!" तिचा आवाज पत्र्याला जाऊन भिडला. "कतारला निघालास म्हणे! जा की! तिथल्या उंटांना तरी वारा खाऊ दे! तुझी पीडा गेली म्हणून मी सांता क्लाराला नवसाची अंडी वाहून आले सकाळी!"

टाळ्या थांबल्या. दोनचार लोकांनी तिच्याकडे डोळे वटारले. कुया बेनिग खालून कुजबुजले, "अगं, आजच्या दिवस तरी..."

"तुम्ही गप्प बसा. हार घालतायत मेल्याला! आमच्या दुकानात घालतात असे हार, उताणा पडलेल्याला!"

कोणीतरी फस्सकन हसलं. आणि बॉसचा चेहरा असा उजळला, की वर्षानुवर्षं त्याला बघणाऱ्यांनीही तसा कधी पाहिला नव्हता. त्याने तो गळ्यातला हार ओढून काढला, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, त्या हारानेच दोन्ही काखा पुसल्या आणि तो कुया बेनिगच्या अंगावर भिरकावला.

आता मात्र कुया बेनिगचा पारा चढला. तीस वर्षं जीप चालवून कमावलेली सगळी भाषा त्यांनी एका दमात खर्च केली. त्यांच्या मागून बाया उठल्या, बापे उठले, पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. पंखे लाव, चोरा! हुर्यो अशी उठली, की शेजारच्या मासळीबाजारातली कुत्री भुंकायला लागली. त्या आवाजावर किड काराबाव उठला. त्याने डोकं खाली घातलं, धावला, आणि बॉस ब्राउनआउट हवेत उडून असा आपटला की फळ्या कडाडल्या. पंचाने तीन मोजले. पंखे सुरू झाले आणि त्या वाऱ्यात लोक किडच्या नावाने नाचू लागले.

हरलेला दुष्ट लंगडत निघाला. कोणाशीही हात न मिळवता, लोकांच्या शिव्या झेलत, नाक वर करून. आते कोरिंगच्या समोर मात्र थांबला. आता तरी मिठी मारतील, असं आजूबाजूच्या लोकांना वाटलं. तिच्यापासून हातभर अंतरावर तो उभा होता आणि त्याच्या कपाळातून रक्त ओघळत होतं.

"तुझ्या घरची वीज मीच तोडणार, थेरडे," तो म्हणाला.

आते कोरिंगने कठडा घट्ट धरला. त्याच्या कपाळावरचं रक्त पुसावं म्हणून हात शिवशिवत होते.

"चल नीघ," ती म्हणाली. घसा पार बसला होता, शब्द कसेबसे बाहेर आले. "परत इथं तोंड दाखवू नकोस."

त्याने मान डोलावली. इतक्या वर्षांत तिचं सांगणं त्याने ऐकलं ते हे पहिलंच. मग वळला आणि शिडी ओढत पडद्याकडे चालू लागला.

तिने दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली आणि जोर लावला, पण आवाज फुटेना. कुया बेनिगनी तिच्याकडे पाहिलं, बाहीने नाक पुसलं, आणि पडदा पडेपर्यंत तिच्या वाटची हुर्यो तेच उडवत राहिले.